तुमच्या व्हायोलिनवाल्याला राळ कोण देतं?

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. ऐरोलीत राहणाऱ्या एका तरुण लेखकाने आपल्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं पाठवली आहेत. ते आयटीत नोकरी करतात आणि लहानपणापासून व्हायोलिन शिकलेले आहेत. कादंबरीत एक काल्पनिक देश आहे, तिथे हुकूमशाही आहे, आणि सरकारी रेडिओच्या वाद्यवृंदातला व्हायोलिनवादक नायक आहे. त्यांनी विचारलंय : "माझा नायक एक तर फार शूर वाटतो, नाही तर फार पुळचट. मधला माणूस सापडतच नाही. देश काल्पनिक ठेवू की खरा? आणि ऐरोलीत सुखाने राहून या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार तरी आहे का?"

मी ठाण्याला नौपाड्यात राहते. गेली सव्वीस वर्षं कथा-कादंबऱ्यांचं संपादन करते, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून हार्मोनियम वाजवते. या दोन्ही कामांतून जे कळलं त्याच्या आधाराने उत्तर देते.

तिन्ही प्रकरणं मी दोनदा वाचली. पहिल्यात सर्वोच्च नेता सभागृहात येतो, बूट वाजतात, सगळे उभे राहतात. दुसऱ्यात मध्यरात्री दारावर थाप पडते. तिसऱ्यात कोठडी. भाषा चांगली आहे, पण हे तिन्ही प्रसंग वाचकाने आधीच कुठे ना कुठे पाहिलेले असतात. नायक हरवतो तो इथेच. कोठडीत माणसापुढे दोनच वाटा उरतात : तोंड उघडायचं किंवा मिटून ठेवायचं. मग तो शूर तरी ठरणार किंवा पुळचट तरी. मधला माणूस हवा असेल तर त्याला मधल्या जागेत न्यावं लागेल. तालमीची खोली, पगाराचा दिवस, घराच्या अर्जावरची शिफारस, डब्याच्या वेळेतल्या गप्पा या त्या जागा.

अशी एक जागा तुम्ही लिहिलीही आहे आणि तिच्यावरून पुढे निघून गेलात. पान सात : "त्याने भांडारातून राळ घेतली, वहीत सही केली आणि तो तालमीला गेला." तुमची कादंबरी या ओळीत आहे.

तुम्ही व्हायोलिन वाजवता, तुम्हाला काय सांगायचं, पण वाचकासाठी सांगायला हवं. गजाच्या केसांना राळ लावलेली नसेल तर गज तारेवरून नुसता घसरतो, आवाज उमटत नाही. हाताच्या मुठीत मावणारा तो पिवळसर तुकडा, त्याची बोटांना लागणारी पांढरी भुकटी, तो हातातून फरशीवर पडला तर काचेसारखे होणारे तुकडे. आता कल्पना करा की तुमच्या नायकाला या महिन्यात अख्खी वडी मिळण्याऐवजी अर्धी मिळाली. भांडारवाल्याने काहीच सांगितलं नाही. वहीत नावापुढे आधी 'अ' होतं, आता 'ब' आहे. बस. कोणी धमकावलं नाही, कोणी ओरडलं नाही. त्या रात्री तो घरी सराव कमी करेल का? राळ पुरवून वापरेल का? शेजारी बसणाऱ्या सहवादकाकडे मागेल का, आणि मागितली तर आपली श्रेणी घसरली हे त्याला कळेल म्हणून गप्प राहील का? बघा, मधला माणूस आलाच.

हे मी कल्पनेने सांगत नाही. ज्या ज्या राजवटींनी कलावंतांना मुठीत ठेवलं, त्यांनी आधी साधनं आणि परवाने मुठीत घेतले. नाझी जर्मनीत १९३३ साली संगीताचं एक सरकारी मंडळ स्थापन झालं. त्याचं सदस्यत्व असल्याशिवाय व्यावसायिक वादन करता येत नसे, आणि ज्यू वादकांना त्यातून वगळलं गेलं. रिचर्ड श्ट्राउससारखा थोर संगीतकार १९३५ पर्यंत त्या मंडळाचा अध्यक्ष होता. सोव्हिएत रशियात १९३२ पासून संगीतकारांचा एकच अधिकृत संघ होता. घर, आगाऊ रक्कम, नवं काम, लेखनासाठी राहायची शांत जागा या सगळ्यासाठी त्या एका दारात जावं लागे. चेकोस्लोव्हाकियात १९६८ च्या रशियन आक्रमणानंतर वादकांच्या नव्याने परीक्षा घेतल्या गेल्या. त्यात वाजवून तर दाखवायचंच, शिवाय राजकीय प्रश्नांची उत्तरंही द्यायची. प्रागमधल्या 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' या रॉक गटाचा व्यावसायिक परवाना १९७० मध्ये गेला. सरकारी मालकीची वाद्यं आणि ॲम्प्लिफायर परत द्यावे लागले. मग त्यांच्यातल्याच एका हरहुन्नरी वादकाने जुन्या रेडिओंचे भाग जोडून ॲम्प्लिफायर बनवले. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली, खटला चालला, आणि त्या खटल्याच्या संतापातून जानेवारी १९७७ मध्ये 'चार्टर ७७' हे नागरी हक्कांचं निवेदन निघालं. वाक्लाव हावेल त्याच्या पहिल्या प्रवक्त्यांपैकी एक. बारा वर्षांनी तो देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. जुन्या रेडिओच्या सुट्या भागांपासून तिथपर्यंतची ही वाट मला कोणत्याही क्रांतीच्या वर्णनापेक्षा जास्त हलवते.

हार्मोनियम वाजवणारी असल्यामुळे एक गोष्ट मी नेहमी सांगते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली. कारण संगीतशास्त्राचं दिलं होतं : या पेटीचे स्वर ठोकळेबाज, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं, निघत नाहीत. आक्षेपात तथ्य होतं. पण इंग्रज गेले, देश स्वतंत्र झाला, तरी परिपत्रक तसंच राहिलं, आणि १९७० नंतरच ती बंदी सैल होऊ लागली. ही हुकूमशाही नव्हती, हे मी स्पष्ट म्हणते, आणि तिची तुलना कोणत्याही छळाशी करणार नाही. तरीही तुमच्यासाठी यात मोठा धडा आहे. एक कागद निघतो, त्यावरचं कारण शहाणपणाचं असतं, त्यावर सही करणारा माणूस सुसंस्कृत असतो, आणि एक अख्खं वाद्य तीस वर्षं एका दाराबाहेर उभं राहतं. तुमच्या कादंबरीतले अधिकारी मूर्ख आणि क्रूर आहेत. त्यांना कान द्या. त्यांना संगीत कळू द्या. मग ते खरे भीतीदायक होतील.

आता सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविच. तुमच्या पत्रात त्याचं नाव आहे, म्हणून इथे जरा थांबते.

जानेवारी १९३४ मध्ये लेनिनग्राडला त्याचा एक ऑपेरा रंगभूमीवर आला आणि दोन वर्षं तुफान चालला. २६ जानेवारी १९३६ रोजी मॉस्कोत स्टालिन तो पाहायला आला आणि संपण्याआधी उठून गेला. दोन दिवसांनी 'प्रावदा' या कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रात निनावी लेख आला : हे संगीत नसून गोंधळ आहे. शोस्ताकोविच तेव्हा कार्यक्रमासाठी उत्तरेला अर्खांगेल्स्कला गेला होता, तिथे त्याने तो अंक वाचला. वय २९. लेखक बहुतेक वेळा इथे थांबतात, कारण इथे नाट्य आहे. मला त्यापुढचे बावीस महिने महत्त्वाचे वाटतात. त्याची चौथी सिंफनी तयार होती, तालमी चालू होत्या, आणि डिसेंबर १९३६ मध्ये ती मागे घेतली गेली. पंचवीस वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, ती पहिल्यांदा वाजली. मधल्या काळात त्याचा पाठीराखा मार्शल तुखाचेव्हस्की गोळी घालून मारला गेला. आणि २१ नोव्हेंबर १९३७ ला लेनिनग्राडला पाचवी सिंफनी वाजली. संथ भागात लोक रडत होते, संपल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ टाळ्या चालल्या. सरकारने म्हटलं, बघा, सुधारला. श्रोत्यांनी काय ऐकलं हे त्यांनी टाळ्यांनी सांगितलं, शब्दांनी नाही. शेवटचा तो दणदणीत जल्लोष खरा की सक्तीचा, यावर आजही वाद होतात.

कादंबरीकाराने यातून काय घ्यायचं? तो शूर होता का, असं विचारत बसू नका. तालमीच्या खोलीत जा. चौथी मागे घेतली त्या दिवशी शंभर वादकांसमोर स्वरलिपीचे कागद होते. ते कोणी गोळा केले? दुसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याला कारण विचारावंसं वाटलं का? त्याने ट्रामच्या रांगेत उभं राहून ती धून गुणगुणली का, आणि मध्येच थांबला का? तुमचा नायक हा दुसऱ्या रांगेतला माणूस आहे. त्याला शोस्ताकोविच करू नका.

आणखी एक गोष्ट हार्मोनियमवर वाजवून बघा, खरंच वाजवून बघा. पांढरी एक 'सा' धरा. मग रे, कोमल ग, सा, आणि खाली मंद्रातला शुद्ध नी. रे – ग – सा – नी. जर्मन पद्धतीने स्वर लिहिताना या चारांची अक्षरं डी, एस, सी, एच अशी होतात, आणि ती जर्मन लिपीतल्या त्याच्या नावाची आद्याक्षरं आहेत. जुलै १९६० मध्ये ड्रेस्डेनजवळच्या एका गावी तीन दिवसांत त्याने आठवं क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, लिहिलं, त्यात हे चार स्वर पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हापुन्हा येतात. छापील अर्पणपत्रिका 'फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना'. मित्राला लिहिलेल्या पत्रात मात्र त्याने म्हटलं की आपल्या मागे आपल्यासाठी कोणी असं काही लिहिणार नाही, म्हणून स्वतःच लिहिलं. आणि हे त्याच वर्षी, ज्या वर्षी त्याने कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला.

मी हे स्वर पहिल्यांदा पेटीवर वाजवले तेव्हा कान आपोआप पटदीप रागाकडे गेला : कोमल गंधार, शुद्ध निषाद. पण पटदीपात तो नी वर षड्जाला जाऊन मिळतो. इथे माणूस खाली नीवर येऊन उभा राहतो, आणि पुढचा सा येत नाही. भाता रिकामा होईपर्यंत मी नी धरून ठेवला. पक्षाच्या अर्जावर सही करणारा हात आणि हे चार स्वर लिहिणारा हात एकच. शूर की पुळचट, या प्रश्नाला इथे जागाच राहत नाही. तुमच्या नायकातही या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडू द्या आणि त्यांचा मेळ घालून देऊ नका.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाचं सांगते, कारण अधिकाराच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

२५ जून १९७५ ला आणीबाणी लागली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पुढच्या वर्षी आम्ही काही मुलामुलींनी कॉलेजच्या स्पर्धेसाठी एकांकिका बसवली. गावचा पाटील आहे, तो विहिरीवर पाट्या लावतो, चावडीवर बोलायला बंदी करतो. एक म्हातारी म्हणते, "आता गावात बोलायचं न्हाई, निस्तं हो म्हनायचं." संहिता तपासायला द्यायची होती. देण्याच्या आदल्या रात्री आम्ही जिन्यात बसलो होतो, आणि मी म्हटलं, हे वाक्य काढूया का? कोणी सांगितलं नव्हतं. कोणी दटावलं नव्हतं. सगळे लगेच हो म्हणाले, इतक्या लगेच की मला हायसं वाटलं. मग पाटलाला पगडी घातली आणि गोष्ट पेशवाईच्या काळातली केली. संहिता एकही खूण न होता परत आली. प्रयोग झाला. म्हातारीच्या जागी, जिथे तालमीत सगळे गप्प व्हायचे, तिथे प्रेक्षकांत खोकले ऐकू आले. बक्षीस मिळालं. ते वाक्य मला अजून पाठ आहे, ते काढल्यानंतर जे घातलं ते आठवत नाही.

त्याच काळात किशोरकुमारांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवर बंद झाली होती. सरकारी कार्यक्रमाला सहकार्य केलं नाही, एवढंच निमित्त. आणि त्याच काळात, डिसेंबर १९७५ मध्ये, कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली. आम्हाला दुर्गाबाईंचा केवढा अभिमान होता! आणि तरी जिन्यात बसून वाक्य आम्हीच काढलं. एकाच मनात हे दोन्ही राहतं. हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नाही, त्या जिन्याने शिकवलं. तुमच्या नोकरीत, सोसायटीत, घरात अशी एखादी रात्र तुमच्याही वाट्याला आली असेल. कोणी न सांगता गिळलेलं एखादं वाक्य. तिथून लिहा. अधिकार तिथून येतो.

शिवाय ऐरोली या विषयापासून लांब आहे असं का मानता? ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला उतरा आणि कारागृहापर्यंत चालत या. तो मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, इंग्रजांनी तुरुंग केला. १९ एप्रिल १९१० ला तिथे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. त्यांनी नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या विजयानंद नाट्यगृहात, किर्लोस्कर मंडळींच्या 'शारदा'च्या प्रयोगाला तो आला असताना. हा जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता, लोक त्याला पंडित म्हणत, मराठी नाटकाला आवडीने येई. आणि बाबाराव सावरकरांवर कवितांचं पुस्तक छापल्याबद्दल जो खटला झाला आणि जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तो खटला याच्याच हाताखालून पुढे गेला होता. कवितेसाठी काळं पाणी देणाऱ्या यंत्रणेतला माणूस नाटकाच्या पहिल्या रांगेत बसून गाणी ऐकतोय. मी म्हटलं ना, अधिकाऱ्यांना कान द्या. हाच तो माणूस.

देश काल्पनिक ठेवायचा की खरा, या प्रश्नाचं उत्तरही त्याच वर्षांत आहे. १९०७ मध्ये खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. गोष्ट महाभारतातली, विराटाच्या दरबारातली. पण प्रेक्षकांना कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि सैरंध्री म्हणजे कोण, हे समजावून सांगावं लागत नव्हतं. कित्येक प्रयोग झाले. १९१० मध्ये सरकारने बंदी घातली. रूपक चाललं, कारण कीचकाची गोष्ट प्रेक्षकांच्या घरातली होती, आजीने सांगितलेली. ती आधी गोष्ट म्हणून खरी होती, मग तिच्यातून कर्झन दिसला.

तुमच्या काल्पनिक देशात असं घर नाही. तिथे लोक काय खातात हे मला तीन प्रकरणांनंतरही कळलं नाही. हवा कशी आहे, आई मुलाला कोणत्या नावाने हाक मारते, लग्नात काय वाजतं? नुसती 'राजधानी', 'चौक', 'नेता' एवढंच आहे. देश काल्पनिक ठेवायला माझी हरकत नाही, पण मग त्याचा बाजार, पाऊस, शिव्या आणि अंगाईगीतं तुम्हाला रचावी लागतील. तेवढं बळ नसेल तर खरा देश आणि खरं साल घ्या, आणि वर्षभर वाचा. आमचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून त्याचसाठी उभं आहे. रशिया, चिली, चेकोस्लोव्हाकिया यांतला कोणताही देश घेतलात तरी रस्त्यांची नावं आणि भाजीचे भाव आधी शोधा, हुकूमशहाची भाषणं नंतर.

दोन देशांचे तुकडे मात्र एकमेकांत मिसळू नका. दडपशाही सगळीकडे सारखी नसते. चिलीत सप्टेंबर १९७३ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर काही दिवसांत गायक व्हिक्टर हाराला स्टेडियममध्ये कोंडून, हात ठेचून, गोळ्या घालून मारलं. त्याच्या मारेकऱ्यांची शिक्षा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केली ती ऑगस्ट २०२३ मध्ये. प्रागमध्ये मार्टा कुबिशोव्हाला मारलं नाही, १९७० पासून गाऊ दिलं नाही. देशातली सर्वांत लाडकी गायिका वीस वर्षं मिळेल ते काम करत राहिली आणि १९८९ मध्ये चौकातल्या एका सज्जात उभी राहून पुन्हा गायली. अफगाणिस्तानात जुलै २०२३ मध्ये हेरातला वाद्यांची होळी केली, त्या फोटोत गिटारीसोबत तबला आणि एक हार्मोनियमही होती. तो फोटो मी फार वेळ पाहू शकले नाही. तीन ठिकाणी तीन वेगळ्या भीती. एकीत माणूस दार वाजण्याची वाट बघतो, दुसरीत पत्राची, तिसरीत वाद्य कुठे पुरायचं याचा विचार करतो. तुमच्या नायकाची भीती यांतली कोणती, ते ठरवा.

खबऱ्याबद्दल. तुमचा खबऱ्या पहिल्याच भेटीत डोळे चोरतो. पूर्व जर्मनी संपल्यावर १९९२ पासून लोकांना गुप्त पोलिसांकडच्या आपापल्या फायली वाचायला मिळू लागल्या. कित्येकांना त्यात सापडला तो सगळ्यांत जवळचा मित्र. ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले तो. म्हणून खबऱ्याला नायकाच्या शेजारच्या खुर्चीवर बसवा. त्याला चांगला वादक करा. नायकाची राळ संपली तर स्वतःची अर्धी वडी काढून देणारा तोच असू दे, आणि ती दिल्याची नोंदही त्यानेच केलेली असू दे.

कला लपते कशी, हेही जवळून दाखवा. युद्धानंतर लेनिनग्राडमध्ये बंदी असलेली गाणी रुग्णालयातून टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्मवर उतरवत. फिल्म कात्रीने गोल कापायची, जळत्या सिगारेटने मधोमध भोक पाडायचं. आवाज खरखरीत, थोड्याच वेळा वाजेल इतकी टिकाऊ. उजेडात धरली तर कुणाच्या तरी बरगड्या दिसतात. लोक त्या रेकॉर्डना 'बरगड्या'च म्हणत. आणि कवयित्री आना अख्मातोवा. घरात चोरून ऐकणारं यंत्र लावलेलं असेल म्हणून ती कागदाच्या चिठोऱ्यावर ओळी लिहून मैत्रिणीला द्यायची, तोंडाने मोठ्याने "चहा घेणार का?" असलं काहीतरी विचारायची, मैत्रीण ओळी पाठ करायची, आणि मग तो कागद रक्षापात्रावर जाळायचा. वर्षानुवर्षं ती कविता काही बायकांच्या डोक्यातच राहिली. ज्या संस्कृतीत बहिणाबाईंच्या ओव्या ऐकून, टिपून जपल्या गेल्या, त्या संस्कृतीतल्या लेखकाला ही चहाची विचारणा लिहायला जड जाऊ नये.

संगीताच्या वर्णनाबद्दल एकच. 'स्वर्गीय', 'काळजाला हात घालणारे', 'आर्त' हे सगळे शब्द तीन प्रकरणांतून काढून टाका. मी मोजले, एकोणीस आहेत. त्यांच्या जागी हात लिहा. डाव्या हाताच्या बोटांना पडलेले घट्टे, हनुवटीखालचा काळसर डाग, थंडीत गज धरताना आखडणारी करंगळी. भ्यालेला माणूस गज कसा ओढतो? तुम्हाला माहीत आहे, तो आखूड ओढतो, टोकापर्यंत जात नाही. वाद्यवृंदात बसलेल्या साठ जणांचे गज एका दिवशी चार बोटं आखूड झाले, एवढं एक वाक्य लिहिलंत तर तुमचं पहिलं प्रकरण, बुटांच्या आवाजासकट, काढून टाकता येईल.

नेत्याला मी पडद्याआड ठेवेन. ५ मार्च १९५३ ला स्टालिन गेला, त्याच दिवशी मॉस्कोत संगीतकार प्रोकोफिएव्हही गेला. शहरातली फुलं सगळी एकीकडे गेली होती, याच्या शवपेटीवर ठेवायला फुलं मिळेनात. त्या प्रसंगात स्टालिन कुठेही दिसत नाही, तरी तो किती मोठा होता हे कळतं.

आता काम. तिसरं प्रकरण बाजूला ठेवा, फाडू नका, पुढे कधीतरी लागेल. पान सातपासून सुरू करा. भांडाराची खिडकी, वही, अर्धी वडी. किती वाजलेत, बाहेर पाऊस आहे का, रांगेत पुढे कोण आहे आणि मागे कोण, हे मला दिसू द्या. नायकाने काहीही विचारू नये. भांडारवाल्याला बोलायला एकच वाक्य द्या, आणि ते राळेबद्दलच असू द्या. दहा-बारा पानं झाली की पाठवा. किंवा शनिवारी दुपारी संग्रहालयात घेऊन या, मी वाचन कक्षात असते. येताना व्हायोलिनही आणा. ते रे – ग – सा – नी मला तुमच्या गजावर ऐकायचंय.